मराठी श्रोता आणि बायबल

इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजचे नाव काढले की या शहरातील बहुतेकांना प्रथम किशोरकुमारांची आठवण होते. खंडव्याचा हा तरुण गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात येथे शिकत होता, आणि कॉलेजच्या उपाहारगृहातील त्याच्या उधारीची आख्यायिका आजही मोठ्या चवीने सांगितली जाते. ज्यांनी हे कॉलेज १८८७ साली स्थापिले ते कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक त्याच्या दहा वर्षे आधी, १८७७ मध्ये, होळकरांच्या राजधानीत आले होते ते हाती ग्रंथ घेऊन. भर रस्त्यात प्रवचन करण्याच्या त्यांच्या आग्रहावरून आरंभीच्या वर्षांत दरबाराशी त्यांचे बरेच खटके उडाले. ग्रंथ सांगावयास आलेल्यांच्या संस्थेची लोकस्मृती एका गायकाभोवती गुंफली जावी, हा काळाचा विनोद होय. त्यात खेद मानण्याचे कारण नाही. विचार करण्याचे कारण मात्र आहे. लोकांच्या मनात एखादी गोष्ट टिकते ती कोणत्या वाटेने? आणि धर्मग्रंथासारखी गंभीर वस्तू त्या वाटेने जाऊ लागली म्हणजे तिचे काय होते?

मराठीतील बायबलाच्या संदर्भात हा प्रश्न आमच्याकडे क्वचितच विचारला जातो. बायबलाचा अभ्यासक भाषांतर मूळाशी किती इमानी आहे ते तपासतो आणि थांबतो. मराठी वाङ्मयाचा इतिहासकार ‘ख्रिस्ती वाङ्मय’ असे एक स्वतंत्र दालन काढून त्यात सारे ग्रंथ ओळीने मांडतो आणि दार लावून घेतो. लोकसंस्कृतीचा, म्हणजे कीर्तनाचा, भजनाचा, नाटक-चित्रपटांचा, विचार करणारा तिसराच असतो, आणि त्याला ग्रंथाशी कर्तव्य नसते. या तिघांची गाठ पडत नाही, त्यामुळे मुख्य गोष्ट निसटते. आमच्या मते ती मुख्य गोष्ट अशी की, ज्या रूपातून लोक ऐकतात ते रूप म्हणजे ग्रंथावर घातलेले नुसते वस्त्र नव्हे. ते ग्रंथाचा दुसरा कर्ता असते. ते ग्रंथाला श्रोता मिळवून देते आणि त्याची किंमतही वसूल करते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धर्मग्रंथ आधी शुद्ध स्वरूपात असतो आणि पुढे लोक त्याला आपल्या पातळीवर ओढतात, अशी एक समजूत आहे. खुद्द बायबलाच्या अभ्यासाने ती खोटी ठरविली आहे. नव्या कराराची ग्रीक भाषा अभिजात ग्रंथांहून निराळी का, याचे कोडे पुष्कळ काळ होते. ईजिप्तच्या वाळूत सापडलेली पत्रे, पावत्या आणि अर्ज वाचल्यावर ते सुटले. आडॉल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने दाखवून दिले की, ही भाषा बहुतांशी त्या काळच्या बाजाराची आणि घरगुती पत्रव्यवहाराची होय. पुढे मार्टिन डिबेलियस आणि रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९१९ ते १९२१ या काळात रूपसमीक्षेची पद्धत शुभवर्तमानांना लावली. येशूविषयीच्या कथा, दृष्टांत आणि वचने लेखनबद्ध होण्यापूर्वी उपासनेत व उपदेशात तोंडोतोंडी फिरत होती, आणि त्या फिरण्यातच त्यांना आकार आला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्या अनेक निष्कर्षांवर पुढे आक्षेप आले. तथापि ग्रंथाच्या मुळाशी श्रोतृसमुदाय आहे, हा विचार टिकला. ज्या भाषेत केसोबासांनी चक्रधरांचे दृष्टांत संकलित केले आणि ज्ञानदेवांनी गीता प्राकृतात आणली, त्या भाषेच्या वाचकाला हे नवल वाटू नये.

आता आपल्या भाषेकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. एकनाथांचे देहावसान १५९९ चे. म्हणजे वीस वर्षे हे दोघे या भूमीवर समकालीन होते. स्टीफन्स ज्या साष्टी भागात वावरले तेथील देवळे १५६७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडली होती, आणि धर्मांतर केलेल्यांना पूर्वीच्या पोथ्या वर्ज्य झाल्या होत्या. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अध्यायात एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो : आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का करून देत नाही? या प्रश्नात सारी परिस्थिती सामावली आहे. नवी श्रद्धा मिळाली होती, प्रश्नोत्तररूप शिकवणही मिळत होती. पण संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून ऐकावे असे काही उरले नव्हते. लोकांचा देव बदलला, पण त्यांची ऐकण्याची सवय बदलली नाही. ती रिकामी राहिली.

स्टीफन्स यांनी ती रिकामी जागा ओळखली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. त्याच लेखकाने ख्रिस्ती सिद्धान्तांची प्रश्नोत्तरी कोंकणीत लिहिली, जी १६२२ साली प्रसिद्ध झाली. शिकविण्यासाठी कोंकणी आणि पुराणासाठी मराठी, अशी ही विभागणी का? कारण त्या प्रदेशात पुराण ऐकण्याची भाषा मराठी होती. रूपाने भाषादेखील ठरविली! ओवी आली की तिच्यामागून तिचा शब्दसंसार आला. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द आला. आता ‘वैकुंठ’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात काय उभे राहील, हे मराठी भाषेवर एवढे प्रभुत्व मिळविलेल्या या माणसास कळत नव्हते, असे मानणे कठीण आहे. त्यांनी तो धोका पत्करला.

हा धोका पत्करल्याने काय साधले ते इतिहासाने दाखविले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. एखादा पंडिती ग्रंथ एवढ्यात संपला असता. परंतु ख्रिस्तपुराण हस्तलिखितांतून टिकले आणि मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांबरोबर गेले. १९०७ मध्ये त्याचे नवे मुद्रण झाले ते मंगळुरासच. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथाला राजसत्तेने किंवा मठाने राखले नाही. त्याला ऐकणाऱ्यांनी राखले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण विल्यम कॅरी यांचे. श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत छापला गेला. उद्योग प्रचंड आणि हेतू प्रामाणिक; पण मराठी श्रोता शेकडो कोस दूर. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने घडलेली ती भाषा नागपूरकडील वळणाची होती, आणि पश्चिम महाराष्ट्रात ती मानवली नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. त्यांचा नवा करार १८२६ मध्ये छापून झाला. नागपुरी वळणाला आम्ही येथे नावे ठेवीत नाही. माळव्यात राहून मराठी लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना तो अधिकारही नाही. सांगावयाचे एवढेच की, कॅरींच्या भाषांतराने शब्द दिले, पण ते कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडून, कोणत्या चालीवर ऐकले जातील याचा विचार त्यात नव्हता.

इथवर वाचून वाचक म्हणेल, निकाल सोपा आहे : लोकांच्या रूपात सांगावे, म्हणजे ग्रंथ जगतो. पण निकाल इतका सोपा नाही. कारण पंडिता रमाबाई वाटेत उभ्या आहेत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी त्याची छपाई केली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, आणि १९२४ साली ग्रंथ पूर्णत्वाने बाहेर पडला. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावी अशी भाषा हे त्यांचे ध्येय होते, आणि हिंदू धर्मविचाराचा वास असलेले संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. म्हणजे स्टीफन्स यांनी जे जाणूनबुजून स्वीकारले, तेच रमाबाईंनी जाणूनबुजून नाकारले.

त्यांचा हा नकार अज्ञानातून आला, असे कोणीही म्हणू शकणार नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या बालपणापासून आईवडिलांबरोबर गावोगाव, देवळोदेवळी पुराण सांगत हिंडली होती. आत्मनिवेदनात त्यांनी त्या दिवसांचे जे वर्णन केले आहे, त्याचा आशय असा की, पुराण संस्कृतात वाचले जाई, त्याचा अर्थ सांगितला जात नसे, आणि श्रोते पुण्याच्या आशेने ऐकून दक्षिणा ठेवून जात. म्हणजे लोकप्रिय रूपाची एक काळी बाजू त्यांनी व्यासपीठाच्या आतून पाहिली होती. जेथे ऐकण्याचा विधी पूर्ण झाला की समजण्याची गरज उरत नाही, तेथे रूप ग्रंथाला जगवीत नाही. गोड आवाजात झोपवून ठेवते. त्यांना श्रोता हवाच होता, पण जागा हवा होता. हा आक्षेप आमच्या मते या विषयावरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून कीर्तनाचा गौरव करणे हे भाबडेपणाचे होईल.

त्याचे अर्धे उत्तर रमाबाईंच्याच कृतीत आहे. त्यांच्या संस्थेचे नाव ‘मुक्ती’! या शब्दामागे केवढी भारतीय परंपरा उभी आहे हे सांगावयास नको. भाषा धुऊन, पिळून, वाळवून कोरी करता येत नाही. शब्द टाळले तरी शब्दांचे गोत येतेच. शिवाय त्यांच्या भाषांतराचा वाचकवर्ग मर्यादित राहिला, हेही मान्य केले पाहिजे. उरलेले अर्धे उत्तर मात्र नारायण वामन टिळकांकडे शोधावे लागते.

रेव्हरंड टिळकांना १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाकडून नवा करार मिळाला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचा ठाव घेतला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हा पूल त्यांनी ओलांडल्यावर मोडला नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या पद्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाचे मन भिजत नाही, हे ओळखून त्यांनी अभंग लिहिले, भजन आणले, आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. आता कीर्तनाची रचना पाहा. पूर्वरंगात वचनाचे विवरण, उत्तररंगात आख्यान. म्हणजे कीर्तनकाराला अर्थ सांगावाच लागतो. न सांगेल तर त्याचा पूर्वरंगच होत नाही. रमाबाईंनी पाहिलेल्या पुराणवाचनात जे नव्हते, तेच कीर्तनाच्या रचनेत अंगभूत आहे. लोकप्रिय रूपे सगळी एका मापाची नसतात. काही झोपवितात, काही जागवितात. त्यांतला भेद करणे हेच तर समीक्षेचे काम.

तथापि कीर्तनही आपली किंमत घेते. उधळ्या पुत्राचा दृष्टांत हे जणू तयार आख्यान आहे. बाप आहे, घर आहे, अपराध आहे, परत येणे आहे. मराठी श्रोत्याचे डोळे भरून यावयास आणखी काय लागते? परंतु पौलाच्या पत्रांतील नियमशास्त्र आणि विश्वास यांविषयीचा कठीण युक्तिवाद आख्यानात बसत नाही. आमोस संदेष्ट्याचा धनिकांवरील कोप मृदंगाच्या साथीवर थोडा सौम्यच होतो. अभंगाचा स्वाभाविक कल शरणागतीकडे आणि आर्ततेकडे. त्यामुळे अभंगातला ख्रिस्त हा प्रामुख्याने माउली होतो, आणि न्यायाधीश मागे राहतो. ज्याला हे दिसत नाही त्याने टिळक वाचले, पण त्यांची समीक्षा केली नाही, असे म्हणावे लागेल.

येथे लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण अपरिहार्य आहे. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या १९१९ मधील मृत्यूने सुमारे दहा अध्यायांवरच राहिले. पुढील बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या, थोरपणी अक्षरओळख झालेल्या बाईला हे साधले कसे? ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला उत्तर ठाऊक आहे : कान तयार होता. ओवी त्यांना कोणी शिकविली नव्हती. ती त्यांच्याजवळ होती. साष्टीच्या त्या ब्राह्मणाच्या प्रश्नाला तीनशे वर्षांनंतर मिळालेले हे दुसरे उत्तर होय, आणि या वेळी ते श्रोत्यांमधूनच आले.

आतापर्यंत ग्रंथ लोकरूपाकडे कसा गेला ते पाहिले. उलट दिशेचे एक उदाहरण तर त्याहून विलक्षण आहे. मुंबईच्या एका तंबूतील चित्रपटगृहात, १९१०-११ च्या सुमारास, धुंडिराज गोविंद फाळके यांनी येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. ‘नवयुग’ मासिकातील १९१७ च्या लेखमालेत त्यांनी स्वतः त्या अनुभवाची हकीकत दिली आहे. पडद्यावर येशूचे चरित्र सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. पुढे विम्याची पॉलिसी गहाण पडली, १९१२ मध्ये विलायतेची वारी झाली, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये झळकला. भारतीय चित्रपटसृष्टीच्या मुळाशी असलेल्या प्रेरणांत शुभवर्तमानाचे एक चित्ररूप आहे, ही गोष्ट चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. बायबलाच्या मराठीतील वाटचालीचा विचार करणाऱ्यांनी मात्र ती आपली मानलेली नाही.

ती आपली का मानावी? कारण येथे रूपाचे सामर्थ्य उघडे पडते. शुभवर्तमानांत येशूच्या चेहऱ्याचे वर्णन कोठेही नाही. तो उंच होता की ठेंगणा, गोरा की सावळा, याविषयी चारही लेखक मौन पाळतात. चित्रपटाला हे मौन परवडत नाही. त्याला चेहरा द्यावाच लागतो. मूर्तीविषयी साशंक असलेल्या प्रॉटेस्टंट मनाला तेथे अडखळल्यासारखे होते. फाळक्यांना अडखळले नाही. कारण ज्या संस्कृतीत देवाकडे जाणे म्हणजे त्याचे दर्शन घेणे, तिच्यात पडदा हा गाभाऱ्याचा शेजारीच ठरतो. ‘लंकादहन’ १९१७ मध्ये दाखविला गेला तेव्हा पडद्यावर राम येताच प्रेक्षक हात जोडीत, असे सांगतात. एका धर्माच्या कथेतून दुसऱ्या धर्माच्या माणसाने ना सिद्धान्त घेतला, ना श्रद्धा. त्याने दाखविण्याची शक्यता घेतली आणि ती आपल्या देवांना वाहिली. यात बायबलाचा पराभव झाला असे आम्हांस वाटत नाही. ग्रंथ ज्यांच्या हाती पडतो ते त्याचे काय करतील, हे सांगणाऱ्याच्या हाती नसते, एवढाच त्याचा अर्थ.

सारांश, ओवीने ग्रंथाला आयुष्य दिले आणि त्याच्या शब्दांत दुसरे अर्थ मिसळले. कीर्तनाने त्याला जिव्हाळा दिला आणि त्याची धार कमी केली. पडद्याने त्याला चेहरा दिला आणि त्याचे मौन घेतले. आणि ज्या भाषांतराने काहीच द्यावयाचे नाकारले, ते निर्दोष राहिले, पण पुष्कळसे एकटेही राहिले. यांपैकी एकच मार्ग खरा, असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. कीर्तनाला रमाबाईंच्या संशयाची गरज आहे, आणि रमाबाईंच्या काटेकोरपणाला लक्ष्मीबाईंच्या कानाची.

या विवेचनाचा अध्यापनाशी संबंध आहे. एकनाथांचा वर्ग आटोपल्यावर, वेळ उरलाच तर, ‘ख्रिस्ती कवी’ म्हणून स्टीफन्स यांचा उल्लेख करावयाचा, ही रीत आता सोडावी. ते एकाच काळातील, एकाच ओवीचे, एकाच प्रकारच्या श्रोत्यांपुढचे कवी होत. त्यांना शेजारी ठेवून वाचले, तरच दोघांनी ओवीकडून काय घेतले ते कळेल. उस्मानाबाद येथील २०२० च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत एवढ्यावरून काहींनी विरोध केला. ‘सुबोध बायबल’ मराठीला देणारे दिब्रिटो २०२४ मध्ये गेले. त्या विरोधाचे मूळ द्वेषात किती आणि आमच्या अभ्यासक्रमांनी केलेल्या दालनांच्या भिंतींत किती, याचा विचार आम्ही शिक्षकांनी केला पाहिजे. चारशे वर्षांची ओळख ज्याला वर्गात कोणी करून दिली नाही, त्याला ती व्यक्ती परकी वाटली तर नवल कसले?

शेवटी पुन्हा इंदूर. या शहरातील मराठी कुटुंबांत आजी मराठी पोथी वाचते आणि नातवाला ती वाचता येत नाही, हे दृश्य आमच्यापैकी कोणाला अपरिचित आहे? शाळेची भाषा वेगळी, बाजाराची वेगळी. तरीही तोच नातू गणेशोत्सवात आरती मराठीत म्हणतो, कीर्तनाला बसला तर हसण्याच्या जागी हसतो, आणि जुन्या चित्रपटातील तुकाराम पडद्यावर आला की त्याला भाषांतर लागत नाही. आमची भाषा येथे डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक जगते आहे. तेव्हा ‘आमची पोथी बंद झाली, तर तिच्या जागी ऐकावयास काय देता?’ हा साष्टीच्या ब्राह्मणाचा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीला होता, तसा तो आज आम्हांलाही आहे. स्टीफन्स यांनी त्याचे उत्तर देण्यासाठी परकी भाषा शिकून अकरा हजार ओव्या रचल्या. आमची तर ती मातृभाषा आहे.